लॉजिक, त्याचं बालपण आणि त्याचं तेच-तेच सांगणं

गोडाचाशिरा

बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत मेरीलँडला राहतो, गेथर्सबर्गपासून दहा मिनिटांवर. मी साताऱ्याची. नवरा इथलाच, कृष्णवर्णीय. लेक पंधरा वर्षांची. मागच्या महिन्यात तिला शाळेचा कुठलासा फॉर्म भरायचा होता. ‘वंश’ या रकान्यापाशी पेन अडलं. दोन चौकटींवर खुणा केल्या, एक खोडली, परत केली. मग फॉर्म तसाच टाकून हेडफोन चढवून बसली. काय ऐकतेस विचारलं तर म्हणाली, "लॉजिक. आई, हा आपल्या गावचा आहे, माहितीये?"

मला कुठलं माहीत असायला. रॅप म्हणजे शिव्या आणि गाड्या, एवढीच माझी समज. गेले तीन आठवडे मात्र भांडी घासताना, पोळ्या लाटताना तेच चालू आहे. नवरा हसतो.

तर या रॅपरची ओळख करून देते. पूर्ण नाव सर रॉबर्ट ब्रायसन हॉल दुसरा. यातलं ‘सर’ ही पदवी नव्हे, आईबापांनी ठेवलेलं नावच आहे. घरी बॉबी. जन्म २२ जानेवारी १९९०, रॉकव्हिलचा. वाढला गेथर्सबर्गच्या वेस्ट डीअर पार्क भागात. वडील काळे, आई गोरी. वडिलांना क्रॅकचं (कोकेनचाच प्रकार) व्यसन, त्यामुळे ते असून नसल्यासारखे. आई दारूत बुडालेली आणि मनानेही आजारी. घरभाड्याला सरकारी मदत, जेवणाला फूड स्टॅम्प. भाऊ गल्लीत क्रॅक विकायचे आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत त्याचे वडीलही होते, असं तो सांगतो. त्यावर कडी म्हणजे आई रागाच्या भरात पोटच्या पोराला त्याच्या काळेपणावरून शिवी हासडायची. कुठली ते समजून घ्या. इथे तो शब्द चारचौघांत तोंडातून गेला तर लोकांच्या नोकऱ्या जातात.

आणि हा पोरगा दिसायला गोराच. म्हणजे घरात आई काळा म्हणून बोलणार, बाहेर काळी मुलं गोरा म्हणून चिडवणार.

आमची मॉन्टगोमेरी काउंटी देशातल्या श्रीमंत काउंट्यांत मोजली जाते. गणपतीला, दिवाळीला आम्ही मराठी मंडळी जमतो ते याच पट्ट्यात. वेस्ट डीअर पार्कवरून मी शेकडो वेळा गाडी नेली असेल. कधी मान वळवून पाहिलं नाही.

शाळेत इंग्रजी सोडून सगळ्या विषयांत नापास. दहावीत काढून टाकलं. सतराव्या वर्षी घर सोडलं. गाण्याकडे वळला तो आडवाटेने. तेरा वर्षांचा असताना टॅरंटिनोचा ‘किल बिल’ पाहिला, त्याचं संगीत वू-टँग क्लॅन या रॅप गटातल्या रिझाचं. तिथून तो वू-टँगपर्यंत पोचला. मग एका मोठ्या वयाच्या मित्राने बीट्सच्या सीड्या आणून दिल्या आणि हा त्यावर लिहायला लागला. आधी नाव घेतलं ‘सायकॉलॉजिकल’, नंतर कापून नुसतं ‘लॉजिक’. फ्रँक सिनात्रावर भारी जीव, त्यावरून मिक्सटेपांची मालिका काढली ‘यंग सिनात्रा’. २०१३ मध्ये डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीने करारबद्ध केलं.

प्रश्न असा, की लेक म्हणते हा खरं बोलतो. इंटरनेटवर मात्र त्याची यथेच्छ टिंगल चालते. "तुम्हाला ठाऊक आहे का, लॉजिक मिश्रवंशीय आहे?" हा विनोदच होऊन बसलाय, कारण तो ते पुन्हापुन्हा सांगतो. जाणकारांना काय वाटतं?

पावशेर

वाचतोय. जन्मापासून ‘सर’? आमच्याकडे त्यासाठी डीएड करावं लागायचं. (दिवे घ्या.)

तिरपागडा

शिराताई, पंधरा वर्षं हिपहॉप ऐकतोय म्हणून चार शब्द.

पोराच्या जिभेला तोड नाही. रुबिक क्यूब सोडवत-सोडवत न अडखळता रॅप करतो, हे डोळ्यांनी बघा, व्हिडिओ आहेत. कारागिरीबद्दल तक्रारच नाही. पण टिंगल उगाच होत नाही.

त्याचा पहिला अल्बम ‘अंडर प्रेशर’, ऑक्टोबर २०१४. त्यातलं ‘गँग रिलेटेड’ ऐका. पहिलं कडवं त्याच्या स्वतःच्या, लहान पोराच्या नजरेतून. दुसरं भावाच्या तोंडून. एकच घर, एकच गल्ली, एकाला काय दिसतं आणि दुसऱ्याला काय करावं लागतं. मी दुःखी आहे, माझ्यावर अन्याय झाला, असं कुठेही म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याच अल्बममधलं ‘निकी’ घ्या. वाटतं एखाद्या पोरीवर आहे, निघतं निकोटीनवर. बाप आणि भाऊ ज्या चक्रात होते त्याचीच ही धाकटी आवृत्ती, पण हे तो बोलून दाखवत नाही, आपल्यावर सोडतो.

आता तीन वर्षं पुढे या. मे २०१७, ‘एव्हरीबडी’. मोठा घाट. एक माणूस मरतो, देवाला भेटतो आणि त्याला कळतं की जगात जन्मलेला प्रत्येक माणूस तोच आहे. कल्पना अँडी वियरच्या एका छोट्या कथेवरून घेतलेली, देवाचा आवाज खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसनचा. बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेला. पण त्यातलं ‘टेक इट बॅक’ ऐका. थोडा वेळ रॅप, मग गडी थांबतो आणि सरळ बोलायलाच लागतो. आई अशी, बाप असा, मी असा दिसतो, लोक असं म्हणतात. कीर्तनात उत्तररंगाची वेळ झाली तरी बुवांनी पूर्वरंगच धरून बसावं, तसं. आख्यान कुठाय, बुवा?

बालपण दोन्हीकडे तेच आहे. एका ठिकाणी त्याची गोष्ट झालीय, दुसऱ्या ठिकाणी कैफियत.

जुनाजोगी

रॅप हे संगीत आहे हेच मला मान्य नाही, पण तो वाद नंतर. शिराबाईंच्या लेखात एक गोष्ट खटकली. या मुलाने आईची दारू, आईच्या शिव्या जगजाहीर केल्या. पुस्तकही लिहिलंय म्हणे. ती बाई आजारी होती, असं तुम्हीच लिहिलंय. तिच्या हातात माइक नाही. आपल्याकडे घरातलं घरात ठेवतात ते काही अगदीच मूर्खपणाने नव्हे.

गोडाचाशिरा

@तिरपागडा, कीर्तनाचं उदाहरण नवऱ्याला समजावून सांगितलं. त्यात पंचवीस मिनिटं गेली. तो म्हणाला, आमच्या चर्चमध्येही अगदी असेच एक पास्टर आहेत.

@जुनाजोगी, आई म्हणून मला हाच प्रश्न रात्री छळत होता. पुस्तक आहे, खरंय. ‘धिस ब्राइट फ्यूचर’, २०२१ मध्ये आलं. ग्रंथालयातून आणलंय, निम्मं झालं. सलग नाही वाचवत. मध्ये उठून लेकीच्या खोलीत डोकावून येते.

पण ‘अंडर प्रेशर’ हे शीर्षकगीत तुम्ही ऐकलंत तर बरं होईल. संगीत नसेल तर नसो, मजकूर म्हणून ऐका. नऊ मिनिटांचं आहे. पहिला भाग बढाईचा, मी कुठून कुठे आलो वगैरे. मग ठेका बदलतो, गाणं हळू होतं आणि घरच्यांचे फोनवर ठेवलेले निरोप सुरू होतात. बहीण, वडील. तू फोन करत नाहीस, तुझा आवाज रेडिओवरच ऐकायचा का आम्ही, असा सगळा सूर. आणि शेवटी हा उत्तर देतो, ते कबुलीचं. कामाच्या नादात तुम्हाला टाकलं, म्हणून. ज्या घराने त्याला काही दिलं नाही, त्या घराला वेळ न दिल्याची टोचणी त्याला लागलीय. माझ्या भावाचे साताऱ्याहून आलेले मिस्ड कॉल आठवले मला.

म्हणजे माइक एकट्याच्याच हातात ठेवलाय असं नाही. आईचं वेगळं आहे, ते मान्य. तिथे तो अजून रागातच आहे. पण शिवी तिने दिली होती, ऐकली त्याने होती. आता ती कोणी लपवायची?

अनुस्वार

तिरपागडा, तुमचं कैफियतीचं म्हणणं पटलं, पण ती कैफियत कुठल्या कोर्टापुढे चाललीय तेही बघायला हवं.

हा माणूस मेरीलँडचा आहे. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये काळ्या-गोऱ्यांच्या लग्नांविरुद्धचा पहिला कायदा याच मेरीलँडने केला, १६६४ मध्ये. गोऱ्या स्त्रीने काळ्या गुलामाशी लग्न केलं तर नवरा जिवंत असेपर्यंत तिनेही त्याच्या मालकाची चाकरी करायची. पुढे पोटोमॅकपलीकडच्या व्हर्जिनियाने १९२४ मध्ये ‘एका थेंबा’चा नियम कायद्यात आणला. पूर्वजांत कुणीही एक काळा निघाला की तुम्ही काळे. संपलं. असे विवाहबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले १९६७ मध्ये, तेही व्हर्जिनियाच्याच लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात.

आणि एक बारीकशी गोष्ट. लॉजिक जन्मला १९९० मध्ये. त्या वर्षीच्या अमेरिकी जनगणनेत वंशाची एकच चौकट भरायची मुभा होती. एकाहून जास्त चौकटी भरता यायला लागल्या २००० पासून. म्हणजे हा दहा वर्षांचा होईपर्यंत सरकारी कागदावर तो जे आहे ते लिहिताच येत नव्हतं. शिराताईंच्या लेकीला दोन खुणा करायची सोय तरी आहे.

जे लिहायला जागा नव्हती ते एखादा वीस वेळा बोलला, तर कंटाळा येईल, पण नवल वाटणार नाही.

तिरपागडा

इतिहास मस्तच, हे कुठेतरी साठवून ठेवतो. पण इतिहासाने कडवं सुधारत नाही हो. माझं म्हणणं कानापुरतं आहे.

रच्याकने, ‘एव्हरीबडी’चं आधीचं नाव ‘आफ्रिकेरियन’ होतं. आफ्रिकन आणि आर्यन जोडून. लोक भडकले, मग बदललं. शेवटच्या गाण्याला ते नाव तसंच राहिलंय आणि त्याच्या शेपटीला न सांगता जे. कोल या दुसऱ्या रॅपरचं एक कडवं दडवलंय. जे. कोलसुद्धा गोऱ्या आईचा आणि काळ्या बापाचा मुलगा. गंमत म्हणजे तो हे क्वचितच उगाळतो. आईच्या जप्त झालेल्या घराचा पत्ता मात्र अल्बमला देतो, ‘२०१४ फॉरेस्ट हिल्स ड्राइव्ह’, आणि ते घरच परत विकत घेतो.

कल्याण_स्लो

कुणी कसं नाही सांगितलं? लॉजिकची बहुतेक गाणी ज्याने बांधली तो ‘सिक्स’ म्हणजे अर्जुन इवाटुरी, तोही मेरीलँडचाच, भारतीय वंशाचा. अल्बमांच्या श्रेयनामावलीत नाव बघून उडालोच होतो.

गोडाचाशिरा

लेकीला सांगितलं. "आई, हे सगळ्यांना माहितीये," असं उत्तर मिळालं.

मनमोकळी

समुपदेशक आहे, नाशिकला. इथे त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा उल्लेखच नाही म्हणून लिहितेय.

‘१-८००-२७३-८२५५’ हे गाणं २०१७ च्या एप्रिलचं, सोबत अलेसिया कारा आणि खालिद. नाव म्हणजे अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनचा तेव्हाचा क्रमांक. सुरुवातीला फोन करणारा बोलतो, त्याला जगायचं नाही. मग फोन उचललेला माणूस बोलतो, तू जगावंस असं मला वाटतं. शेवटच्या ध्रुवपदात पहिलाच आवाज म्हणतो, मला जगायचंय. तिरपागडांचंच सूत्र लावायचं तर इथे त्याने स्वतःची कैफियत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या तोंडून गोष्ट सांगितली. आणि अल्बम तोच, ‘एव्हरीबडी’!

आमच्या क्षेत्रात याची चर्चा झाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. गाण्याचं प्रकाशन, ऑगस्ट २०१७ चा एमटीव्ही पुरस्कार सोहळा आणि २०१८ चं ग्रॅमी, या तीन प्रसंगांच्या आसपासचे ज्यांत या गाण्याचा सगळ्यात गवगवा झाला ते ३४ दिवस संशोधकांनी तपासले. हेल्पलाइनला एरवीच्या अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, म्हणजे ६.९ टक्के वाढ. १० ते १९ वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी, म्हणजे ५.५ टक्के घट. गाण्यामुळेच हे झालं असं असा अभ्यास शंभर टक्के सिद्ध करू शकत नाही, पण मेळ दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

एखाद्या आत्महत्येची भडक बातमी वाचून इतर जण तसं करतात, त्याला आम्ही वेर्थर परिणाम म्हणतो. उलट बाजूचा पापागेनो परिणाम. मोत्झार्टच्या ऑपेरातला पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरी वाट दाखवतात. आमच्या वर्गात पापागेनो शिकवताना हाताशी उदाहरणंच नसायची. आता पहिलं हेच गाणं लावते.

क्रमांकाचं म्हणाल तर तिथे जुलै २०२२ पासून ९८८ झालाय, जुनाही चालतो. आपल्याकडे टेलिमानस, १४४१६. मराठीत बोलता येतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हवा असेल तर असू द्या जवळ.

पावशेर

आधीच्या थट्टेबद्दल सॉरी. क्रमांक फोनमध्ये घातला. मनमोकळी, धन्यवाद.

कवडसा

अवांतर होईल, तरी लिहिते. माझे आईबाबा दोन वेगळ्या जातींचे. आजोळी गेले की "बापावर गेलीये", बाबांच्या गावी गेले की "आईकडचं वळण". दोन्हीकडे प्रेम होतं, ताट वाढलेलं असायचं. पण पंगतीत माझ्या आडनावावर क्षणभर थांबलेली माणसं मला अजून आठवतात. अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्याशी याची बरोबरी करत नाहीये, ते वजन फार वेगळं. फक्त हे तेच-तेच सांगणं मला ओळखीचं वाटलं. मीही कॉलेजात नवीन ओळख झाली की पाचव्या मिनिटाला सांगून टाकायचे. समोरच्याने विचारायच्या आत.

सदाफुली_क्रॉयडन

वेगळ्या ढंगाचं ऐकायचं असेल तर आमच्या इथला रॅपर लॉयल कार्नर ऐका. दक्षिण लंडनचा, आई गोरी, वडील गयानाच्या वंशाचे आणि लहानपणापासून जवळपास गायब. पालनकर्ता सावत्र बाप २०१४ मध्ये वारला. २०२२ च्या अल्बमचं नाव ‘ह्यूगो’, म्हणजे जन्मदात्या बापाच्या गाडीचं नाव. लॉकडाउनमध्ये बापाने त्याला त्या गाडीत बसवून ड्रायव्हिंग शिकवलं आणि गाडीतच दोघांचं इतक्या वर्षांचं बोलणं झालं. तो स्वतः बाप व्हायच्या बेतात होता तेव्हाची गोष्ट. त्यातल्या एका गाण्यात गयानाचे कवी जॉन अगार्ड ‘हाफ-कास्ट’ (मिश्रवंशीयांना हिणवायचा शब्द) ही आपली कविता स्वतः म्हणतात. ती इथल्या शाळांत शिकवतात, माझ्या मुलाला होती. त्यातल्या ‘हाफ’, म्हणजे ‘अर्धा’, या शब्दावरून इतकी खिल्ली उडवलीय की वाचून हसायला येतं, आणि थोड्या वेळाने येईनासं होतं.

लॉजिक ओरडून सांगतो ते हा पुटपुटतो. मला पुटपुटणं जास्त लागतं, पण तो माझा स्वभाव.

तिरपागडा

‘ह्यूगो’ला अनुमोदन.

मनमोकळी, तुम्ही मला माझ्याच सूत्रात पकडलंत. खरं सांगायचं तर ते गाणं मी रेडिओचं गुळगुळीत गाणं म्हणून सोडून दिलं होतं. काल रात्री परत ऐकलं. गुळगुळीत आहेच, व्हायोलिनंबियोलिनं आहेत. पण फोन उचलणाऱ्याचं कडवं लिहिताना त्याला घरातलं काय आठवलं असेल, हा विचार पहिल्यांदा आला. ज्या घरात फोन करायला कुणी नव्हतं, तिथला पोरगा फोन उचलणारा झाला. कडव्याला गुण वाढवून देत नाही, पण ‘एव्हरीबडी’ पूर्ण कैफियत आहे हे विधान मागे घेतो.

जाता जाता, जुलै २०२० मध्ये ‘नो प्रेशर’ काढून त्याने निवृत्ती जाहीर केली होती. कारण दिलं मुलाचं. नुकताच बाप झाला होता, घरी थांबायचं होतं. वर्षभरात परतला, ते रॅपरांच्या निवृत्तीला धरूनच. पण कारण बघा. आणि २०२३ चा ‘कॉलेज पार्क’ ऐका, मित्राच्या तळघरात राहून नशीब काढायच्या दिवसांवरचा. त्यात तो हसतो, मित्रांची टर उडवतो. कैफियतवाला दिसत नाही फारसा.

जुनाजोगी

ते नऊ मिनिटांचं ऐकलं. नातवाने शब्द लावून दिले समोर. बहिणीचा निरोप येतो तिथे थांबवलं, कारण मला एक फोन करायचा होता. उरलेलं नंतर ऐकलं. संगीत आहे की नाही यावर वेगळा धागा काढीन.

गोडाचाशिरा

सगळ्यांचे आभार. रविवारी लेकीला घेऊन वेस्ट डीअर पार्कला गेले. बघण्यासारखं काही नाही. विटांच्या बैठ्या इमारती, झाडं, सायकली, एका गॅलरीत वाळत घातलेले कपडे. ती म्हणाली, इथे कसं काय झालं असेल एवढं सगळं. मी म्हटलं, आपल्या शेजारीही काय चाललंय ते आपल्याला कुठे माहितीये. मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं आणि घरी आलो. येताना गाडीत तिने ‘टेक इट बॅक’ लावलं, मुद्दाम, कारण मी तिला तिरपागडांचं मत सांगितलं होतं. तिचा निरोप असा, की काका, ते गाणं तुमच्यासाठी नाहीच आहे.

तिरपागडा

:) मान्य.

अनुस्वार

आणि फॉर्मचं काय झालं?

गोडाचाशिरा

दिला. दोन्ही चौकटींवर खूण. शिवाय ‘इतर असल्यास लिहा’ तिथे पेनने ‘सातारा’. शाळेतून फोन आला की कळवते.

पावशेर

कंदी पेढ्यांचं पाकीट तयार ठेवा म्हणजे झालं.